गोवा की पुणे? सिंधुदुर्गातल्या मुलांनी नोकरीचा हिशेब कसा मांडावा

सिंधुदुर्गात पदवीचा किंवा आयटीआयचा निकाल लागला की घरात प्रश्न निघतोच, ‘गोव्याक जातलंस काय पुण्याक?’ दोन पिढ्यांपूर्वी तो पडत नसे. गिरणीत चिकटलेला कोणी मामा-काका असायचा, त्याच्या खोलीवर वळकटी टाकायची आणि चाकरमानी व्हायचे. गिरण्या गेल्या, पण गाव सोडणे थांबले नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली. दहावीच्या निकालात कोकण विभाग दर वर्षी राज्यात वरचा क्रमांक राखतो आणि तीच मुले पुढे चार-पाच वर्षांत जिल्ह्याबाहेर दिसतात. कुडाळची एमआयडीसी आहे, दोडामार्गात आडाळीची होऊ घातली आहे, पण जिल्ह्यातल्या सगळ्या पदवीधरांना सामावून घेण्याइतके काम तिथे आज नाही.

मी बांद्याचा. गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका आमच्यापासून अगदी जवळ, त्यामुळे गोव्याला रोज जाणारे आणि पुण्याहून गणपतीला येणारे अशा दोघांचेही हिशेब कानावर पडत असतात. माझे मत आधीच सांगतो. पहिली नोकरी कुठे लवकर मिळते यावर ठरवू नका. ती सुटली तर दुसरी कुठे मिळेल, यावर ठरवा. गोव्यासारख्या छोट्या राज्याच्या बाबतीत तर हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि लग्नाच्या बैठकीपासून करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानापर्यंत तो कोणी विचारत नाही.

राज्य श्रीमंत, म्हणून पगार मोठा?

गोवा हे ३,७०२ चौरस किलोमीटरचे राज्य. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौदा लाख, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या तेव्हाच्या लोकसंख्येपेक्षाही कमी. दरडोई उत्पन्नात मात्र हे राज्य देशात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असते. २०२२-२३ मध्ये गोव्याचे दरडोई उत्पन्न पाच लाखांच्या पुढे होते, महाराष्ट्राचे अडीच लाखांच्या आसपास. हा आकडा वर्तमानपत्रात छापून आला की आमच्याकडे लगेच चर्चा सुरू होते की तिकडे पैसा आहे, पोराला तिकडेच लावूया.

हा आकडा म्हणजे एक भागाकार आहे. राज्यात एका वर्षात जेवढे उत्पन्न तयार झाले त्याला लोकसंख्येने भागले. दक्षिण गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कारखान्यातून अमेरिकेला गोळ्या गेल्या, तर त्यातून तयार झालेले मूल्य गोव्याच्या खात्यात जमा होते. त्यातला नफा मुंबईच्या मुख्य कार्यालयात जातो, भागधारक देशभर असतात, पण भागायला माणसे मात्र फक्त पंधरा लाख. त्यामुळे आकडा फुगतो. या यादीत गोव्याच्या बरोबरीने नेहमी दिसणारे दुसरे राज्य सिक्कीम. तेही चिमुकले, आणि तिथेही करसवलतीच्या मागे गेलेल्या औषध कंपन्यांनी कारखाने काढलेले. दोन्हीकडे कारण बऱ्याच अंशी सारखेच. तेव्हा दरडोई उत्पन्न बघून तुमच्या हातात किती पडेल याचा अंदाज बांधू नका.

पगाराचा खरा अंदाज ऑफर लेटरमध्येच मिळतो. ई.एस.आय.ची, म्हणजे कामगार विमा योजनेची, कपात दाखवली असेल तर पगार महिना २१ हजारांच्या आत आहे, कारण ती मर्यादाच तेवढी आहे. सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर पडणाऱ्या एकूण खर्चाचा, मोठा आकडा बाजूला ठेवा आणि ही एक ओळ बघा. गोव्याच्या औषध कंपन्यांत बी.एस्सी. करून पहिल्यांदा लागणाऱ्या किती तरी मुलांच्या पत्रात ती असते. पुण्यात कंत्राटी कामावर लागणाऱ्यांच्या पत्रातही असते. तेवढ्यापुरता दोन्हीकडचा हिशेब एकाच पातळीवर येतो.

श्रीमंत राज्यात एवढी बेकारी कशी?

केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात २०२३-२४ साली गोव्याचा बेरोजगारीचा दर ८.५ टक्के निघाला. त्याच वर्षी महाराष्ट्राचा ३.३ आणि देशाचा ३.२. त्याच्या आदल्या वर्षी तर गोव्याचा दर ९.७ टक्के होता. दरडोई उत्पन्नात वरचे राज्य बेकारीतही वरचे. आणि त्याच राज्यात हॉटेलात वाढायला नेपाळ-उत्तराखंडची मुले, बांधकामावर झारखंड-ओडिशाची माणसे, आणि रोज सकाळी पत्रादेवीहून आत शिरणाऱ्या एमएच-०७ च्या, म्हणजे सिंधुदुर्गातल्या, दुचाक्यांची रांग.

सातच्या शिफ्टसाठी पहाटे साडेपाचला घर सोडणारी ही मुले. पाठीला डब्याची सॅक, पावसाळ्यात अंगावर रेनकोट, खिशात गेट पास. उत्तर गोव्यातल्या औद्योगिक वसाहतींत कोणी कोलवाळला उतरतो, कोणी तुयेला, कोणी पिळर्णला. काम नसते तर ही रांग नसती. मग बेकारी कोणाची?

बेकारी आहे ती मुख्यतः शिकलेल्या गोंयकार मुलांची. त्यांच्यासमोर तीन वाटा असतात. एक सरकारी नोकरी. पंधरा लाखांच्या राज्यात साठ हजारांहून अधिक सरकारी कर्मचारी आहेत, म्हणजे जवळपास प्रत्येक वाड्यावर एक तरी सरकारी पगार येतो. सातव्या आयोगाचा पगार आणि घराजवळची बदली डोळ्यांसमोर असताना बारा तासांच्या शिफ्टला कोण जाईल? मुलगा परीक्षेची वाट बघत थांबतो आणि सर्वेक्षणात बेरोजगार म्हणून नोंदला जातो. दुसरी वाट परदेशाची. १९६१ च्या मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, तो पासपोर्ट घेऊन हजारो कुटुंबे इंग्लंडला गेली. तिसरी वाट जहाजाची, तारवटी म्हणजे खलाशी होण्याची. या तीन वाटांमुळे खासगी नोकरीकडे बघण्याची गोव्याच्या मुलाची नजर वेगळी असते, आणि घरी थांबून वाट बघण्याची ऐपतही बऱ्याच घरांत असते. जिथे ती ऐपत नसते तिथे माणूस मिळेल ते काम धरतो आणि बेकारीचा आकडा आपोआप खाली राहतो. महाराष्ट्राच्या ३.३ टक्क्यांकडे बघताना हेही ध्यानात ठेवा.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा की गोंयकार मुलांनी सोडलेल्या जागा आपल्याला मिळतात. पण त्या जागा कोणत्या? मुख्यतः शिफ्टच्या, कंत्राटी आणि खालच्या पायरीच्या. आणि त्यांच्यावर राजकारणाची नजर कायम असते. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या हव्यात ही मागणी गोव्याच्या विधानसभेत दर अधिवेशनात कानावर येते. २०२४ मध्ये गोव्यातल्या औषध कंपन्यांनी महाराष्ट्रात मुलाखती ठेवल्याची जाहिरात झळकली तेव्हा केवढे वादळ उठले, ते आठवत असेल. गोव्यातल्या मुलांचा राग मला चुकीचा वाटत नाही. आपल्या जिल्ह्यात कारखाना आला आणि भरती परराज्यात झाली तर आपणही हेच बोलू. पण त्यामुळे तुमचे स्थान काय, ते ओळखा. मालवणी आणि कोंकणी बोलणाऱ्याला एकमेकांचे सगळे कळते, सोयरिकी आहेत, जत्रा एकमेकांच्या, तरी नोकरीच्या बाबतीत आपण ‘भायले’च, म्हणजे बाहेरचेच.

सरकारी नोकरीचा तर विचारच सोडा. गोव्यात त्यासाठी १५ वर्षे वास्तव्याचा मामलेदाराचा दाखला लागतो, कोंकणीचे ज्ञान सक्तीचे असते, मराठी असल्यास उत्तम एवढेच. कोंकणीचे जमेल, दाखल्याचे जमणार नाही. याउलट पुण्याला गेलेला मुलगा नोकरी करता करता तलाठी, पोलीस, जिल्हा परिषद, एमपीएससी यांचे अर्ज भरत राहतो आणि त्याची उमेदवारी शाबूत राहते. घरी राहून रोज गोव्याला ये-जा करणाऱ्याचीही राहते. अडचण होते ती कायमचे बिऱ्हाड हलवून रेशनकार्ड, मतदान सगळे तिकडे नेणाऱ्याची, कारण महाराष्ट्राचा अधिवास दाखलाही पंधरा वर्षांच्या वास्तव्यावरच बेतलेला आहे. कागद हलवण्याआधी दहा वेळा विचार करा.

औषध कारखाना: गोव्याची खरी ताकद

गोवा म्हटले की लोकांना किनारा दिसतो. गोव्याचा आर्थिक कणा मात्र कारखान्यांचा आहे आणि त्यात औषधनिर्मिती पहिली. नव्वदच्या दशकात करसवलतींमुळे कंपन्या आल्या आणि सवलती संपल्यावरही राहिल्या. सिप्ला आणि ल्युपिन वेर्ण्याला, ग्लेनमार्क कोलवाळला, युनिकेम पिळर्णला, शिवाय कुंडई, मडकई, तुये इथली युनिट्स. औषधांखेरीज उसगावला एमआरएफ, वेर्ण्याला सीमेन्स, वास्कोला गोवा शिपयार्ड, डिचोलीत नेस्ले. बी.एस्सी. केमिस्ट्री, बी.फार्म., डी.फार्म. किंवा इलेक्ट्रिशियन-इन्स्ट्रुमेंटेशनचा आयटीआय केलेल्या मुलासाठी सिंधुदुर्गापासून एवढ्या जवळ याहून चांगली संधी नाही. हे मी मनापासून सांगतो.

कारण तिथे जे शिकायला मिळते ते पुढे कुठेही चालते. पॅकिंग हॉलचेच घ्या. आत जाताना बाहेरचे कपडे बदलायचे, टोपी, मास्क, ग्लोव्हज. मग लाइन क्लिअरन्स: आधीच्या बॅचची एक गोळी, एक लेबल, एक रिकामा कार्टनसुद्धा टेबलाखाली, कन्व्हेयरच्या फटीत राहिलेला नाही हे ऑपरेटर बघतो, मग क्यूएचा (गुणवत्ता हमी विभागाचा) माणूस पुन्हा बघतो. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पुढची बॅच सुरू होत नाही. जे केले ते त्याच क्षणी बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे त्या बॅचच्या नोंदींत, लिहायचे. दोन तासांनी आठवून लिहिले तर तो गुन्हा. चुकले तर व्हाइटनर नाही, गिरवणे नाही. एक आडवी रेघ, खालचे वाचता आले पाहिजे अशी, आणि बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. दोन-तीन वर्षे हे हाडीमाशी मुरले की बद्दी, अहमदाबाद, हैदराबाद, तारापूर किंवा पुणे जिल्ह्यातले कुरकुंभ, कुठेही तुम्हाला विचारले जाते. आपल्याच कोकणात लोटे-परशुराम आहे.

जोखीमही सांगतो. या कारखान्यांचा बराच माल अमेरिकेला जातो, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाचे निरीक्षक येऊन नोंदी तपासतात. त्यांनी त्रुटी काढून इशारापत्र दिले की नवी उत्पादने अडकतात, भरती थांबते, ओव्हरटाइम बंद होतो आणि सगळ्यांत आधी कंत्राटी माणूस घरी बसतो. गोव्यातल्या काही मोठ्या कारखान्यांना गेल्या दहा वर्षांत अशी पत्रे आली आहेत. मुलाखतीला जाण्याआधी त्या कारखान्याचे नाव घालून याबद्दलच्या बातम्या वाचा. पाच मिनिटांचे काम आहे.

आणि इथेच छोट्या राज्याची मर्यादा लागते. वेर्ण्यात एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जाता येते, पण सगळे एकमेकांना ओळखतात, पगाराचे पट्टे जवळजवळ सारखे आणि मॅनेजरच्या वरची माणसे मुंबई-हैदराबादहून येतात. पाच-सात वर्षांनी वाढ हवी असेल तर गोवा सोडावा लागतो. औषधशास्त्रातल्या मुलाने हे आधीच ठरवून जावे. पहिली पाच वर्षे गोवा, मग बाहेर, असा बेत असेल तर गोवा उत्तम.

खाण बंद झाली तेव्हा काय झाले

नोकऱ्यांचा बाजार उथळ असणे म्हणजे काय, हे डिचोली, साखळी, सांगे, कुडचडे भागाने भोगले आहे. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर राज्य सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीवर शिक्का मारला. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. मग ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळे ठप्प. बेकायदा उत्खनन थांबणे गरजेचे होते, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नद्यांचा आणि शेतांचा लाल चिखल ज्यांनी पाहिला त्यांनाही नसावी.

पण नोकरी शोधणाऱ्याने त्यातून घ्यायचा धडा वेगळा आहे. खाणीबरोबर ट्रक थांबले, ट्रकबरोबर गॅरेज, टायरवाला, पेट्रोलपंपावरचा पोऱ्या, चहाची टपरी, मांडवीतल्या बार्जवरचे खलाशी. कर्ज काढून टिपर घेतलेल्यांचे हप्ते थकले. दोडामार्गातली, साटेली-भेडशीकडची माणसेही या साखळीवर जगत होती. एवढ्या माणसांना त्या तालुक्यांत दुसरे काम नव्हते. डिसेंबर २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि डिचोलीत कामही पुन्हा सुरू झाले आहे, पण जुने दिवस जसेच्या तसे परत येतील या आशेवर आज कोणी ट्रक घेऊ नये.

आता याच्या शेजारी पुणे ठेवा. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस बंद पडला. कायम कामगारांनी वर्षानुवर्षे लढा दिला, त्यांचे हाल झाले, ते लपवायचे कारण नाही. पण त्याच परिसरातल्या फिटरला, वेल्डरला, सीएनसी ऑपरेटरला तासा-दोन तासांच्या अंतरावर चाकण होते, रांजणगाव होते, भोसरीतली शेकडो छोटी वर्कशॉप होती. पुढे तोच कारखाना ह्युंदाईने घेतला. एक कंपनी बुडाली तरी त्या भागातला धंदा बुडाला नाही. बाजाराची खोली म्हणतात ती हीच.

किनाऱ्यावरची नोकरी

थोडक्यात आटोपतो. ऑक्टोबर ते मे हंगाम, जूनमध्ये शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती उपाहारगृहे) उतरवलेले, हॉटेलांची निम्मी माणसे सुट्टीवर. मोठ्या हॉटेलांना लग्नांमुळे आणि परिषदांमुळे पावसाळ्यातही काम असते, म्हणून जायचे तर अनेक शहरांत शाखा असलेल्या साखळी हॉटेलातच जा आणि हॉटेल मॅनेजमेंटची पदवी किंवा पदविका घेऊनच जा. ती असेल तर क्रूझ, दुबई, कुठेही दार उघडते. नसेल तर पाच वर्षांनीही तुम्ही त्याच काउंटरवर. पर्यटकांची संख्या आता वर्षाला कोटीच्या घरात पोचली आहे, पण परदेशी पाहुणे कोविडआधीच्या तुलनेत अजून बरेच कमी आहेत, आणि टिप त्यांच्याकडूनच बरी मिळायची.

मोपाच्या विमानतळाने मात्र चित्र थोडे बदलले आहे. जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडतात आणि पेडणे तालुका आपल्या सीमेला लागूनच असल्याने बांदा-सातार्डा भागातल्या मुलांना ते दाराशी आले. ग्राउंड हँडलिंग, कार्गो, सुरक्षा, हाउसकीपिंग, शिवाय भोवती उठणारी हॉटेले. बाराही महिने चालणारे काम म्हणून मला शॅकपेक्षा हे कितीतरी बरे वाटते.

पुण्याची बाजू

पुण्याचे कौतुक करणारे खूप आहेत, म्हणून आधी अडचणी. चाकण-तळेगावात कायम नोकरी आता दुर्मीळ. ट्रेनी म्हणून घेतात, मुदत संपली की ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराकडून दुसऱ्या कंपनीत. कॉट बेसिसवर तीन-चार जणांत एक खोली, मेसचा डबा, पाण्याचा टँकर. हिंजवडीत काम आणि खोली हडपसरला असेल तर दिवसाचे तीन तास रस्त्यावर. आयटीतही पूर्वीची खात्री राहिलेली नाही. नवख्यांचे पॅकेज बरीच वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास अडकून आहे, ऑफर देऊन महिनोन्महिने रुजू न करून घेण्याचे प्रकार झाले, आणि जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातले बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले.

तरीही कॉम्प्युटर, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, अकाउंट्स या शाखांतल्या मुलांना मी पुणेच सांगतो. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, चाकण, रांजणगाव, भोसरी, सीरमसारख्या लस कंपन्या, बँकांची बॅक ऑफिसेस, शिवाय क्लास. तिसऱ्या वर्षी उमगते की आपल्याला टेस्टिंग नको, डेटाचे काम हवे, तर शनिवार-रविवार शिकून तीच खोली न सोडता नोकरी बदलता येते. गोव्यात आयटी नावापुरते आहे. स्टार्टअप धोरण आहे, परिसंवाद होतात, बिट्स पिलानीचा आणि आयआयटीचा परिसर आहे, पण तिथून शिकून निघालेली मुलेसुद्धा बहुतेक बंगळूर-पुण्याचीच वाट धरतात. लॅपटॉपवर काम करणारे दिल्ली-बंगळूरचे लोक गोव्यात राहायला येतात, त्यांचे पगार तिकडून येतात. तुम्हाला नोकरी देणारे ते नव्हेत. उलट त्यांच्यामुळे पर्वरी-म्हापशाची भाडी चढली आहेत.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. गोव्याच्या औषध कंपन्यांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये मुलींना चांगली संधी असते. पण घरातून विचारले जाते ते एवढेच, की रात्री येणार कशी. दुसरी शिफ्ट सुटल्यावर कंपनीची बस कुठपर्यंत सोडते, तिथून पुढे सीमेपर्यंत काय, याचे उत्तर मिळाल्याशिवाय होकार देऊ नये. पुण्यात वसतिगृह आणि खोली मिळते, सोबतच्या मुली मिळतात, आणि रात्री साडेअकराला एकटीने महामार्गावरून बांद्यापर्यंत येण्याचा प्रसंग येत नाही.

घर, रस्ता, दवाखाना

गोव्याच्या बाजूने सगळ्यांत जड पारडे घराचे. बांदा, इन्सुली, सातार्डा, सासोली इथून म्हापसा तीसेक किलोमीटर. भाडे शून्य, जेवण घरचे, आई-वडील डोळ्यांसमोर. मार्च ते मे सुट्टीच्या दिवशी काजू गोळा होतात, पावसात शेताचा तुकडा पडीक राहत नाही. ओल्या-सुक्या काजूचे पैसे पगारात धरले तर गोव्याचे अठरा हजार आणि पुण्याचे पंचवीस हजार यांत वर्षाच्या शेवटी फारसे अंतर उरत नाही, कारण पुण्याच्या पगारातून खोली, मेस आणि गावच्या चार फेऱ्या जातात. पेट्रोलही गोव्यात स्वस्त, टाकी तिकडेच भरली जाते.

हा हिशेब म्हापसा, कोलवाळ, तुये, पिळर्णपर्यंतच चालतो. वेर्णा त्याच्या दुप्पट लांब. झुआरीचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची कोंडी सुटली हे खरे, तरी दुचाकीवरून रोज वेर्णा म्हणजे अंगाची माती. पावसात, रात्रपाळी करून, डोळ्यांवर झोप असताना मुंबई-गोवा महामार्गावर आपली किती मुले गेली, ते प्रत्येक गावाला माहीत आहे. वेर्ण्याला नोकरी लागली तर तिकडेच खोली घ्या. आणि खोलीच घ्यायची तर मग घराचा फायदा गेला, मग गोव्याचा आणि पुण्याचा हिशेब नव्याने मांडा.

आजारपणात बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज आपल्याला जवळचे, नोकरी कुठेही करा. २०१८ पासून बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना तिथे शुल्क पडते. तुम्हाला ई.एस.आय. असेल तर कार्डावर आई-वडिलांची नावे घातली आहेत का, ते रुजू झाल्याच्या पहिल्या महिन्यातच बघा. बहुतेक मुले ही रकाने रिकामी ठेवतात.

मग कोणी कुठे जावे

बी.फार्म., एम.फार्म., बी.एस्सी. केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी: गोवा, पण कंपनीच्या थेट पटावर. ठेकेदारामार्फत असेल तर किती महिन्यांनी कंपनीत घेतात, आधीच्या तुकडीतल्या किती जणांना घेतले, हे आत काम करणाऱ्याकडून काढून घ्या. पाचव्या वर्षी बाहेर अर्ज करायला लागा.

आयटीआय फिटर, टर्नर, वेल्डर, मेकॅनिकल डिप्लोमा: पुणे. पहिली दोन वर्षे खडतर जातील. ॲप्रेंटिसशिप मोठ्या कंपनीत करा, विद्यावेतन थोडे कमी असले तरी. तिचे प्रमाणपत्र पुढे प्रत्येक फाटकावर विचारले जाते. इलेक्ट्रिशियन आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना मात्र दोन्हीकडे सारखीच मागणी आहे, त्यांनी घर बघून ठरवावे.

कॉम्प्युटरवाल्यांनी पुणे, यात चर्चा नको. हॉटेल मॅनेजमेंटवाल्यांनी गोवा, पण दोन-तीन हंगामांपुरता, हात बसेपर्यंत.

कला आणि वाणिज्य शाखेच्या साध्या पदवीवर निघालेल्यांची परिस्थिती सगळ्यांत अवघड आहे, आणि असे विद्यार्थीच आपल्या जिल्ह्यात सर्वाधिक आहेत. त्यांना गोव्यात पॅकिंगची किंवा काउंटरची नोकरी चार दिवसांत मिळते, म्हणून ती घेतली जाते. पाच वर्षांनी हाताला नवे काही लागलेले नसते आणि स्पर्धा परीक्षेच्या तयारीची वर्षे निघून गेलेली असतात. त्यांनी गोव्याची नोकरी धरली तर टॅली, जीएसटी, किंवा सप्लाय चेनचा एखादा अभ्यासक्रम त्याच वर्षी सुरू करावा, दुसऱ्या वर्षावर ढकलू नये. कंपनीच्या गोदामात किंवा डिस्पॅच विभागात बदली मागावी. तिथे इन्व्हॉइस, ई-वे बिल, स्टॉकचे सॉफ्टवेअर हाताळायला मिळते आणि हे काम जिथे कारखाना आहे तिथे सगळीकडे लागते.

ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, किंवा मागे कोणीच नाही, त्यांना मी शाखा विचारत नाही. त्यांनी म्हापशाच्या अलीकडे जे मिळेल ते घ्यावे आणि आडाळी-कुडाळकडे लक्ष ठेवावे. तिथे एखादी औषध किंवा अन्नप्रक्रिया कंपनी आली तर गोव्यात बॅच रेकॉर्ड भरलेला माणूस ती आधी शोधेल. तोपर्यंत अनुभवाची पत्रे, पगाराच्या स्लिपा आणि पी.एफ.चा यूएएन क्रमांक एका फाईलमध्ये नीट लावून ठेवा. ठेकेदार बदलला की जुने पत्र मिळवताना नाकी नऊ येतात, म्हणून काम सोडण्याच्या आधीच ते हातात घ्या.